आमच्या वाड्यातील दारूबंदी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या नातवाने एक जुनी अमेरिकन दूरदर्शन-मालिका घरातील मंडळींस दाखविण्यास आरंभ केला. मालिकेचे नाव ‘दि अनटचेबल्स’. इसवी सन १९५९ ते १९६३ या काळात ती अमेरिकेत चार हंगाम चालली व तिचे ११८ भाग झाले. शिकागो शहरातील दारूचे चोरटे व्यापारी आणि त्यांच्या पाठीस लागलेले मध्यवर्ती सरकारचे अधिकारी हा तिचा विषय. बंदुकांचा कडकडाट, भरधाव मोटारी आणि क्वचितच हसणारा नायक एलियट नेस! आमचे कुटुंब पहिल्याच भागास कंटाळून देवघरात निघून गेले. आम्ही मात्र, खरे सांगावयाचे तर, ओळीने सात भाग पाहिले.

अमेरिकेतील दारूबंदीचा इतिहास सुज्ञ वाचकांस ठाऊक असेलच. तेथील राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीस १६ जानेवारी १९१९ रोजी आवश्यक तितक्या राज्यांची संमती मिळाली. योगायोग असा की, त्यानंतर एका आठवड्याने, २३ जानेवारीस, राम गणेश गडकरी निवर्तले, आणि त्यांचे ‘एकच प्याला’ त्याच वर्षी रंगभूमीवर आले. एकाच प्रश्नास अमेरिकेने कायद्याने उत्तर दिले व महाराष्ट्राने नाटकाने! अमेरिकेतील बंदी १९२०च्या जानेवारीत सुरू झाली आणि १९३३च्या डिसेंबरात उठली. त्या तेरा वर्षांत अल कपोनसारखे गुंड गबर झाले. कारण जी वस्तू उघड विकता येत नाही, तिची किंमत गुंडच ठरवितो.

मालिकेत नेस दार फोडून आत शिरतो आणि गुन्हेगारांची दाणादाण उडवितो. वस्तुस्थिती निराळी आहे. नेसने दारूचे गुप्त कारखाने उद्ध्वस्त केले हे खरे. परंतु १९३१ साली कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तिकर बुडविल्याबद्दल, आणि तीसुद्धा फ्रँक विल्सन यांच्यासारख्या कर-खात्याच्या अधिकाऱ्यांनी जमाखर्चाच्या वह्या चिकाटीने तपासल्या म्हणून. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या आमच्यासारख्या मास्तरास यात थोडा आनंद झाला, तर वाचकांनी क्षमा करावी. खुद्द नेस उत्तरायुष्यात फार मद्यपान करू लागला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १९५७ साली तो वारला. ज्या पुस्तकावरून ही मालिका निघाली, ते त्याचे पुस्तक त्याला छापलेले पाहावयास मिळाले नाही.

‘अनटचेबल’ हे नाव नेसच्या तुकडीस मिळाले, ते तिला लाचेचा स्पर्श होत नसे म्हणून. संस्कृतात अशा माणसास ‘निर्लेप’ म्हणता येईल. आपल्या देशात मात्र त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ अगदी वेगळा झाला, आणि तो आठवला की मान खाली जाते. हे आम्ही नातवास समजावून सांगत असता त्याने विचारले, “आजोबा, आपल्याकडेही अशी बंदी होती का? तेव्हा आपल्या घरी काय होते?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १९०८ साली याच पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे पहारे केले व त्यापायी खटले सोसले. १९३९ साली खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात बंदी आणली. तथापि त्याच वर्षी ते मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे मोरारजी देसाई गृहमंत्री असता १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० साली संपूर्ण राज्य कोरडे झाले, निदान कागदावर तरी. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंपुरता कायदा सैल केला. वैद्यकीय दाखला जोडल्यास परवाना मिळे. ज्यांस दाखला मिळणे कठीण, त्यांच्यासाठी काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी होती. अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६४च्या सुमारास, हे निर्बंध पुष्कळ शिथिल झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही साठ वर्षे कोणासही दिलेले नव्हते. त्या दिवशी ते दिले, आणि आज येथे लिहीत आहो.

१९६३ सालची गोष्ट. पानशेतच्या पुरास दोन वर्षे झाली होती. आम्ही सहा वर्षांचे होतो. सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडांएवढे एकत्र कुटुंब नांदत होते. आजोबा १९०८च्या पहाऱ्यांच्या ऐकीव हकिगती अभिमानाने सांगत. त्याच वाड्यात आमच्या मधल्या काकांच्या खोलीत ‘द्राक्षासव’ अशी चिठ्ठी लावलेली एक बाटली असे. ती कधी रिकामी राहत नसे. काकू ती पदराआड नेत आणि पदराआड आणीत. नदीपलीकडचा एक माणूस सायकलच्या ट्यूबमध्ये भरून तो माल मागच्या दाराने देत असे. घरात हे सर्वांस ठाऊक होते व कोणासही ठाऊक नव्हते.

चौकीतील जमादारासही ते ठाऊक असावे. आमच्या दारावरून जाताना तो नमस्कार करून पुढे जाई. त्याला आमच्या घरून एक पैसाही मिळाला नाही. मात्र त्याच्या मुलाची शिकवणी आमचे वडील विनामूल्य घेत असत. याला कोणी लाच म्हटले असते, तर वडिलांनी कानांवर हात ठेवले असते. आणि त्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे ठेवले असते.

एके दिवशी तो ट्यूबवाला पकडला गेला. दोन-तीन दिवसांनी त्याची बायको कडेवर मूल घेऊन दिंडी-दरवाजापाशी उभी राहिली. आम्ही ओसरीवर पाढे म्हणत होतो. ती आजोबांस म्हणाली, “बाबा, मधल्या मालकांकडं साडेसात रुपये राहिल्यात. धनी आत हायेत. पोरास्नी काय घालू?”

आजोबा शांतपणे म्हणाले, “बाई, तू घर चुकलीस. आमच्या वाड्यात असले काही कोणी घेत नाही.”

ती घर चुकलेली नव्हती. आम्ही तोंडाने पाढे म्हणत राहिलो. काकू आतल्या दाराआड उभ्या होत्या. त्यांच्या हातातील बांगड्यांचा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकू आला, पण त्या पुढे आल्या नाहीत.

काका १९६९ साली यकृताच्या विकाराने गेले. घरात सांगण्यात आले, कावीळ झाली. काकू पुढे तीस वर्षे जगल्या. त्यांच्या तोंडून त्या बाटलीचा उल्लेख कधी निघाला नाही.

ती मालिका पाहताना आमच्या मनात हाच विचार घोळत राहिला. शिकागोत ज्यांना लाच शिवली नाही, ते अधिकारी निर्लेप ठरले. आमच्या पेठेत ज्यांना कायदा शिवला नाही, ते आम्ही. आणि ज्या वस्तीस आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिवत नव्हतो, तिला मात्र कायदा दर आठवड्यास येऊन शिवत होता.

या चोरट्या व्यापाराचे फळ पुढे साऱ्या राज्यास भोगावे लागले. मुंबईत वरदराजन मुदलियार याने हातभट्टीच्या पैशावर आपली सत्ता उभारली. १९८७ साली त्याच्या जीवनावर आधारलेला ‘नायकन’ हा तमिळ चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षी हॉलीवूडने नेसवर नवा चित्रपट काढला. बंदी शिथिल झाली तरी गरिबाची स्वस्त दारू चोरटीच राहिली. २००४च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने अनेक माणसे मेली. २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभरांहून अधिक. दोन्ही वेळी मिथेनॉल, आणि दोन्ही वेळी मेले ते बहुतेक मजूर.

कायदा असावा की नसावा, हा वाद थोरांनी करावा. आमचे सांगणे घरापुरते आहे. दुकानास कुलूप सरकार लावू शकते, परंतु घरातील मौनाचे कुलूप घरच्यांनीच काढावे लागते. आज पुण्यातच १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसन हा आजार आहे, हे तेथे प्रथम सांगतात. आमच्या काकांच्या वेळी तशी सोय असती, तरी आजोबांनी त्यांस तेथे नेले असते का? ‘आमच्या वाड्यात असले काही नाही,’ असेच ते म्हणाले असते, असे आम्हांस वाटते.

ही हकिगत ऐकून नातू काही वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, “त्या बाईंना ते साडेसात रुपये कोणी दिले का?”

नाही. कोणीही दिले नाहीत.