सेम बॅच, सेम वजन, तरीही...

‘अय्या, सेम टु सेम!’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी जुळी आहे. बहीण माझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठी, त्यामुळे आजीच्या हुकमानुसार तिला ‘ताई’ म्हणायचं. सात मिनिटं! एवढ्या वेळात हिंजवडीचा एक सिग्नल धड पार होत नाही.

गेल्या दिवाळीत मामींनी भर हॉलमध्ये फराळाच्या ताटावरून विचारलं, ‘अगं, जन्म एका दिवशीचा, कॉलेज एकच, मग ही बंगळूरला टीम लीड आणि तू अजून टेस्टिंगलाच कशी?’ सगळे हसले. ताईही हसली. तिचं हसणं मला लागलं. किचनमध्ये मी तिला नको नको ते बोलून बसले. त्यानंतर दोन महिने आमच्यात फक्त ‘आईचं बीपी?’, ‘ठीक’ एवढेच मेसेज.

आता तुम्ही म्हणाल, यात आकाशातले तारे कुठून आले? सांगते. नाइट शिफ्ट होती. बिल्ड अडकलं होतं आणि टाइमपास म्हणून काहीबाही वाचत होते. त्यात ‘पार १८०२’ भेटला. हा मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाजवळचा जोडतारा. दोन तारे, वय फक्त दहा लाख वर्षांच्या आसपास. आपल्या सूर्याचं वय साडेचार अब्ज, म्हणजे हे दोघं अजून पाळण्यातच. साधारण पावणेपाच दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी. दोघांचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे चार दशांश, आणि फरक दोन टक्क्यांच्याही आत. एकाच ढगातून जन्मलेले, एकाच वजनाचे. मामींच्या हिशेबानं सेम टु सेम!

पण २००८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानं सांगितलं, की तसं नाहीये. एक दुसऱ्यापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त तापलेला, आकारानं मोठा आणि बराच जास्त प्रकाशमान. संशोधकांचा अंदाज असा, की दोघांच्या जन्मात काही लाख वर्षांचं अंतर असावं. माझ्या सात मिनिटांची आठवण येऊन मी एकटीच हसले. शेजारच्या क्युबिकलमधल्यानं हेडफोन काढून बघितलं. (२०१२मध्ये दुसरीही शक्यता मांडली गेली : उशिरा जन्म वगैरे काही नाही, भरती-ओहोटीसारख्या परस्परांच्या ओढाताणीनंच एकाला जास्त ऊब मिळाली असेल. हेही आमच्या घरात लागू पडतं.)

ग्रहण लागलं म्हणून कळलं!

एवढ्या लांबच्या ताऱ्यांचं वजन करतात कसं? इथे नशीब लागतं. जोडताऱ्यांची कक्षा नेमकी आपल्याला कडेवरून दिसत असेल, तर एक तारा दुसऱ्याच्या आड जातो आणि एकत्रित प्रकाश ठरावीक वेळाने कमी होतो. प्रकाश किती वेळ आणि कसा कमी होतो त्यावरून ताऱ्यांचे आकार काढता येतात. वर्णपटातल्या रेषा पुढेमागे सरकतात, त्यावरून वेग आणि वेगावरून वजन. एकट्या ताऱ्याच्या बाबतीत बरंचसं गणिती मॉडेलवर विसंबावं लागतं, इथे थेट मोजमाप मिळतं. आणि तरुण ताऱ्यांचं वय कळायला हे मोजमाप लाखमोलाचं. कारण तरुण तारा फुगलेला असतो आणि वयाबरोबर आकसत जातो. (आपलं नेमकं उलटं!)

या मोजमापांनी धक्केही दिलेत. २००६ साली मृगातल्याच अशा एका जोडीत दोन्ही ‘तपकिरी बटू’, म्हणजे तारा होता होता राहिलेले, निघाले. त्यातला जड असलेला गडी चक्क हलक्यापेक्षा थंड! चुंबकीय क्षेत्राचा हा प्रताप असावा, असं मानलं जातं.

आता बॅचबद्दल. वृश्चिकेत ज्येष्ठा-अनुराधेच्या परिसरात, साधारण पावणेपाचशे प्रकाशवर्षांवर, तरुण ताऱ्यांचा मोठा समूह आहे. सगळे साधारण एकाच सुमारास जन्मलेले. एकाच दिवशी जॉइन झालेले ट्रेनी म्हणा ना. तर या बॅचच्या वयावरूनच भांडण आहे. आधी पन्नास लाख वर्षं मानत. २०१२च्या अभ्यासानं तापलेल्या, जड ताऱ्यांवरून एक कोटी दहा लाख सांगितलं. दुपटीहून जास्त! २०१४मध्ये केपलर दुर्बिणीनं या भागाकडे जवळपास ऐंशी दिवस टक लावली आणि त्यात ग्रहण लागणाऱ्या जोड्या सापडल्या. त्यांच्यावरून २०१९मध्ये उत्तर आलं : पन्नास ते सत्तर लाख. पण चुंबकीय क्षेत्र हिशेबात धरलं तर थंड ताऱ्यांचं वय पुन्हा वाढतं.

एवढं काय त्यात, असं मलाही वाटलं होतं. पण २०१६मध्ये याच बॅचमधल्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला, पृथ्वीच्या पाचपट व्यासाचा, साडेपाच दिवसांत फेरी मारणारा. ताऱ्याचं वय हेच ग्रहाचं कमाल वय. म्हणजे असा ग्रह किती झटपट घडतो, याचं उत्तर या भांडणावर लटकलंय.

गच्चीवरून कॉन्फरन्स कॉल

पार १८०२ची लिंक मी ताईला पाठवली, बरोबर काही न लिहिता. रात्री अडीचला रिप्लाय आला : ‘त्यातली तापलेली तू.’ मग फोन. दीड तास. हसली ती कानकोंडी होऊन, म्हणे. मामींना काय बोलावं तिला सुचलं नव्हतं. टीम लीड झाल्यापासून तिला झोप नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

ग्रहण डोळ्यांनी बघायचं तिनंच काढलं. मृगातली ती जोडी साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण ययातीमधला अल्गोल दिसतो. हा तरुण समूहातला नाही, पण एकमेकांना ग्रहण लावणाऱ्यांचा आद्य मानकरी. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकनं १७८३मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, याचं कोडं सोडवायला सुरुवात केली. तो बहिरा होता आणि एकविसाव्या वर्षी गेलाही. दर दोन दिवस वीस तास एकोणपन्नास मिनिटांनी अल्गोलचा प्रकाश जेमतेम एक तृतीयांशावर येतो. वेळापत्रक नेटवर मिळतं, दुर्बीण लागत नाही.

जानेवारीतला शनिवार, रात्री साडेनऊचा मुहूर्त. मी इथे सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून, ती तिकडे बंगळूरला. शेजारच्या देवयानीतल्या ताऱ्याशी अल्गोलची तुलना करायची. एरवी दोघं बरोबरीचे. ‘तुझा मंद झाला का गं?’ ‘झालाय. तुझा?’ वॉचमनकाका दोनदा वर येऊन बघून गेले. बाराच्या सुमारास तो पुन्हा उजळायला लागला, तेव्हा आम्ही फोन ठेवला.

पुढचं ग्रहण मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला, म्हणजे उजेडातच. पण सातपर्यंत तो मंदच असणार. त्या वेळी माझी शिफ्ट सुरू होते आणि तिचा क्लायंट कॉल असतो. ताईनं कॉल अर्धा तास पुढे ढकललाय. मी अजून मॅनेजरला काय सांगायचं ते ठरवतेय.