कोटा महिन्याचा, कोंडी रात्री साडेनऊची

घरच्या इंटरनेटच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. तिचा माग काढत तळाच्या मुंगीअक्षरांपर्यंत गेलं, की मोठ्या कंपन्यांच्या फायबर योजनांत बहुधा एकच आकडा सापडतो: महिन्याला ३३०० जीबी. तेवढा वापर झाला की वेग उतरतो. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात, फोर-केला ७. म्हणजे ३३०० जीबीत रोज ३६ तास एचडी मालिका बघता येतील. दिवस २४ तासांचाच असल्याने टिटवाळ्यातल्या एका टीव्हीच्या वन-बीएचकेला एचडी बघून ही मर्यादा ओलांडणं जमणारच नाही. २०१९च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं तेव्हा ६९९ रुपयांच्या योजनेत मूळ कोटा १०० जीबी होता. तो दिवसाला तासभर एचडी बघूनच उडाला असता. पुढच्याच वर्षी ते गणित बदललं.

पण सगळ्यांच्या घरी फायबर नाही. जिथे तार पोचलेली नाही तिथे गच्चीवर किंवा खिडकीबाहेर अँटेना लावून ५जीवरचं एअरफायबर घेतलं जातं, आणि तिथला कोटा साधारण १००० जीबीचा. दिवसाला ३३ जीबी. एचडीचे अकरा तास होतात, फोर-केचे पाचही भरत नाहीत. दुपारी आजींच्या मालिका, संध्याकाळी मुलांची कार्टून्स, रात्री मोठ्यांची वेब सिरीज, आणि दुसऱ्या खोलीत दुसरा टीव्ही. अशा घरात महिनाअखेरीला ‘नेट स्लो झालंय’ हे ठरलेलं. त्यात दारावरचा कॅमेरा क्लाउडवर अखंड चित्रण पाठवत असेल, तर सेकंदाला अवघा एक मेगाबिट धरूनही महिन्याचे ३२४ जीबी तोच नेतो. वर पाठवलेला डेटाही कोट्यात धरला जातो, हे अनेकांच्या गावीही नसतं.

तासाला ३ जीबी ही खरं तर कमालीची काटकसर आहे. फुल एचडीच्या एका चित्रात २० लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रं, असा कच्चा माल पाठवायचा म्हटलं तर तासाला ५६० जीबी लागतील. २००३ साली आलेल्या एच.२६४ सारख्या पद्धती पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवतात. मधल्या चित्रांसाठी फक्त ‘काय हललं’ एवढंच कळवतात. दिवाणखान्यात दोन माणसं बसून बोलतायत, मागची भिंत जागची हलत नाही: असा प्रसंग स्वस्तात जातो. क्रिकेटचा चेंडू सीमारेषेकडे पळाला की कॅमेरा फिरतो, गवत, प्रेक्षक, जाहिरातींचे फलक सगळंच सरकतं. करंडक उचलताना चमचमते कागद उडतात तेव्हा तर प्रत्येक कपटा आपापल्या वाटेने जातो आणि चित्राचे चौकोन फुटतात. आपल्या मालिकांबद्दल सांगायचं तर सासूबाईंचा लांबलेला क्लोजअप डेटाला परवडतो. विजेचा लखलखाट आणि तीनदा दाखवलेला तोच दचका परवडत नाही, कारण दर झटक्याला चित्र जवळजवळ नव्याने पाठवावं लागतं.

पुढे २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ या पद्धती आल्या. तेच चित्र त्याहून बऱ्याच कमी डेटात बसू लागलं, पण ते उलगडणारी चिप टीव्हीत हवी. जुन्या टीव्हीला जुन्याच पद्धतीचा जाडजूड प्रवाह द्यावा लागतो.

आणखी एक गंमत. ॲप अख्खा भाग एकदम मागवत नाही. काही सेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकडा चार-सहा दर्जांत तयार. मागचा तुकडा किती झपाट्याने आला ते पाहून ॲप पुढचा दर्जा ठरवतं. त्यामुळे रडतखडत चालणारी जोडणी बदलून चांगली घेतली की मालिका तीच, वेळ तोच, तरी डेटा जास्त जातो.

आता मूळ मुद्दा. हा कोटा कोणत्या टंचाईसाठी ठेवलाय? लोकप्रिय मालिका दर वेळी परदेशातून येत नाही; तिची प्रत मुंबईतल्या किंवा थेट पुरवठादाराच्या केंद्रातल्या सर्व्हरवर आधीच ठेवलेली असते. इमारतीतली तारही सहसा तुंबत नाही. नेहमीच्या जीपॉन फायबरची एक फांदी सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट वाहते. त्यावरच्या ६४ घरांनी एकाच वेळी एचडी लावलं तरी तिचा पाचवा हिस्साही भरत नाही. अडतं ते त्या फांदीच्या मागे. आपला केबलवाला वरून बँडविड्थ घेतो ती महिन्याच्या जीबीवर नव्हे, तर सेकंदाला किती गिगाबिट या मापाने. त्याला धास्ती गर्दीच्या तासाची. मुंबईतून लोकलने आलेला टिटवाळा कल्याण, शहाड, आंबिवली मागे टाकून घरी पोचतो, जेवतो आणि साडेनऊला एकदम टीव्ही लावतो. दुपारी त्याच तारा मोकळ्या पडलेल्या असतात. तरी दुपारचा जीबी आणि साडेनऊचा जीबी कोट्यात सारख्याच भावाने कापले जातात. माझ्या मते हे मापच चुकीच्या जागी लावलंय. मार्च २०२०च्या टाळेबंदीत खरी टंचाई आली तेव्हा कोटा कोणाच्या कामी आला नाही. व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवरचं चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० ओळींवर उतरवलं.

योजनेसोबत मिळालेलं ॲप कोट्यातून वगळावं म्हटलं, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६च्या नियमांनी मजकूर पाहून डेटाचा भाव बदलायला मनाई केली आहे. ते बरंच झालं. पुरवठादाराच्या स्वतःच्या बंदिस्त जाळ्यातल्या टीव्हीची गोष्ट वेगळी. तिथे एका वाहिनीचा एकच प्रवाह शंभर घरांत वाटता येतो. बीएसएनएलने २०२४ मध्ये मध्य प्रदेश आणि तमिळनाडूत फायबरवर टीव्ही सुरू केला, तेव्हा त्याचा डेटा योजनेतून कापला जाणार नाही असं जाहीर केलं. मागाल तेव्हा लागणाऱ्या मालिकेला ही सोय नाही. ज्याची त्याची वेळ वेगळी, म्हणून ज्याचा त्याचा प्रवाह वेगळा.

वेळेचं मोल ओळखणारी योजना आपल्याकडे होऊन गेली आहे. एमटीएनएलची हद्द ठाण्यापर्यंत होती, कल्याण-टिटवाळा बीएसएनएलकडे. बीएसएनएलच्या २००५ नंतरच्या ब्रॉडबँडमधल्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ मोजणी बंद असे, आणि लोक संगणक चालू ठेवून झोपत. आज सकाळच्या लोकलसाठी कोणी पुढचा भाग पहाटे फोनवर उतरवून ठेवला, तर साडेनऊची गर्दी तेवढी हलकी होते. त्याच्या कोट्यातून मात्र तेवढेच जीबी कापले जातात.