मलबार पॉइंट : बेटांच्या मुंबईचा पहारेकरी खडक

मुंबई हे मूळचे सात बेटांचे शहर. या शहराच्या पश्चिम अंगाला मलबार हिलची टेकडी जेथे समुद्रात शिरते, त्या भूशिरास मलबार पॉइंट म्हणतात. ही टेकडी ज्वालामुखीजन्य खडकाची आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले, त्या काळाच्या अखेरीस, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, हे खडक तयार झाले. दोन उद्रेकांमध्ये दीर्घ शांतता असे. वरळीच्या लाव्हाथरांमधील गाळात सापडलेले बेडकांचे जीवाश्म त्याची साक्ष देतात.

कठीण खडक लाटांपुढे टिकला आणि उंचीमुळे टेहळणीचे ठाणे ठरला. ब्रिटिशांनी येथे तोफा बसविल्या. २०१६ मध्ये, मूळचे तेलंगणाचे असलेले तत्कालीन राज्यपाल सी. विद्यासागर राव यांच्या कारकिर्दीत, येथील राजभवनाखाली तेरा खोल्यांचे भुयार आढळले. त्यात ‘शेल स्टोअर’, ‘कार्ट्रिज स्टोअर’ अशी अक्षरे दिसली. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले.

परंतु निसर्गाचा तट एकाच बाजूस होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान पूर्वेकडील शिवडीस उतरला, माझगाव घेतले आणि किल्ल्यास वेढा दिला. जे सुरक्षित बंदर मुंबईचे वैभव होते, तीच तिची उघडी बाजू ठरली. ज्या अध्यापकांना इतिहास आणि भूगोल एकत्र शिकवावयाचे आहेत, त्यांच्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे : खडक संरक्षणाची जागा सुचवितो, संरक्षणाची हमी देत नाही.