‘बस’ म्हणजे नेमकं काय?

बेळगावच्या टिळकवाडीत ओळखीच्या एका घरी सहा महिन्यांचं पिल्लू आहे. त्याला बसवायचं असलं की आज्जी म्हणतात ‘बस खाली’, नातू म्हणतो ‘सिट’, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी कन्नडमध्ये ‘कुंद्रु’ म्हणतात. तेच पिल्लू अंगावर उड्या मारायला लागलं की आज्जी वैतागतात, ‘बस, बस झालं आता!’ पिल्लू सगळ्यांच्या तोंडाकडे बघतं आणि शेवटी मनाला येईल ते करतं. ‘ऐकायलाच तयार नाही बघा हे,’ अशी तक्रार माझ्याकडे आली. मला वाटतं, ते ऐकतंय. घरच्यांचंच अजून ठरलेलं नाही.

बेळगाव-निपाणीकडे भाजी एका भाषेत घ्यायची आणि भांडण दुसऱ्या भाषेत करायचं, यात आपल्याला काही वेगळं वाटत नाही. कुत्र्याला मात्र शब्दाचा अर्थ लागत नाही. त्या आवाजानंतर काय घडतं, एवढंच ते लक्षात ठेवतं. त्यात कन्नडमधलं ‘बा’ म्हणजे ये आणि आपलं ‘बस’. सुरुवात सारखी, काम उलटं. म्हणून मी त्यांना बसायला ‘सिट’ आणि बोलवायला ‘ये’ हे दोनच शब्द ठरवून दिले. मराठीचा अभिमान असलेल्यांनी राग मानू नये. ‘बस’ हा शब्द आपल्या तोंडून दिवसभर कशालाही निघतो, म्हणून तो वगळला.

शिकवायला मात्र शब्दापासून सुरुवात करायची नाही. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा मुठीत धरा. मूठ पिल्लाच्या नाकाशी न्या आणि हळूहळू वर, डोक्याच्या मागच्या बाजूला सरकवा. नाक मुठीमागे वर जातं, तसं ढुंगण आपोआप खाली येतं. ते जमिनीला टेकलं, त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा द्या. कमरेवर दाबून बसवू नका. दाबलं की ते उलट जोर लावतं. हाताची खूण पक्की झाली, की आधी ‘सिट’ म्हणायचं आणि क्षणभरानं हात उचलायचा. काही दिवसांनी नुसत्या शब्दावर काम होतं. जेवणाआधी, पोट रिकामं असताना, पाचेक मिनिटं पुरे.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. पिल्लू बसतं, आपण खाऊ आणायला स्वयंपाकघरात जातो, ते उठून मागोमाग येतं आणि तिथं त्याला तुकडा मिळतो. म्हणजे बक्षीस कशाचं मिळालं? उठून मागे येण्याचं. खाऊची पिशवी कमरेलाच हवी.

शी-शूचं गणितही असंच आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं आणि झालं की तिथंच कौतुक करायचं. अर्ध्या तासापूर्वीच्या डबक्यात नाक घासलं तर ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं.

उड्या मारणाऱ्याला लक्ष हवं असतं, आणि ओरडणं हेही लक्षच. पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की मग कुरवाळायचं. यात खरी अडचण पाहुण्यांची. ‘असू दे हो, मला कुत्री आवडतात’ म्हणणारे एक काका आठवड्याची मेहनत दोन मिनिटांत पाण्यात घालतात, वर प्रेमानं कुंदा भरवतात. कुंद्यानं पोट बिघडेल. पण मनुका, चॉकलेट आणि पोह्यातला कांदा कुत्र्याला विषारी ठरू शकतो, हे पाहुण्यांना दारातच सांगावं.

‘ये’ शिकवणं सगळ्यात अवघड, त्यातून कुत्रं मुधोळ असेल तर विचारूच नका. मुधोळच्या घोरपडे संस्थानात जोपासलेली ही जात महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणूनही ओळखली जाते. 2005 मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानंही मेरठला तिची पिल्लं नेऊन प्रशिक्षण दिलं. ही वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी कुत्री. शेतात ससा दिसला, की मालकाची हाक त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी अंगणात, मग मोकळ्या रानात लांब दोरी बांधून सराव करायचा. हमरस्त्याजवळ दोरी सोडायचीच नाही. बांधून घालण्यापुरतीच हाक मारली तर ‘ये’ ही वाईट बातमी होते. दहा वेळा बोलवा, तुकडा द्या, पुन्हा खेळायला सोडा. अकराव्या वेळी बांधा. उशिरा आलं तरी रागवायचं नाही, कारण मार बसला तर तो त्याच्या लेखी येण्याबद्दल बसतो.

गेल्या रविवारी त्या घरी गेलो. फ्रिजवर दोन शब्दांचा कागद चिकटवला होता. आज्जींनी काही न बोलता मूठ वर नेली, पिल्लू खाली टेकलं. ‘बस बस, शहाणं गं माझं!’ आज्जी कौतुकानं म्हणाल्या. पिल्लानं ‘बस’कडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचे डोळे मुठीवर होते.