राख सक्तीची, मग खत का नाही?

सम्राट अशोकांनी रस्त्याच्या कडेला वड लावले, विहिरी खोदल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या सातव्या स्तंभलेखात तशी नोंदच आहे. आज नरडाण्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, जोडीला एमआयडीसी आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आहे. अशा रस्त्यांच्या कडेला झाडे लावली जातात. पण त्यांच्या मुळाशी काय घातले जाते, हे आपण क्वचितच विचारतो. ते विचारायला हवे, कारण त्याचा संबंध आपल्या वस्त्यांमधील रोजगाराशी आहे.

आधी मातीचे बघू. रस्ता बांधताना वरची सुपीक माती निघून जाते. कडेला उरतो मुरूम आणि दाबलेला भराव. त्यात पाणी मुरत नाही, ओलही टिकत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात टँकर चुकला की रोप गेलेच. कंपोस्ट खतातील सेंद्रिय कर्ब माती भुसभुशीत करतो आणि ओल धरून ठेवतो. भरावाच्या उतारावर ते पसरले, तर पावसात माती वाहून जाणेही कमी होते.

पैशांची सोय आहे. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पाच्या बांधकाम खर्चाचा १ टक्का वृक्षलागवड व देखभालीसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली गेली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना सांगितले की, दोन वर्षांत रासायनिक खत बंद करा आणि आपल्या बागांमध्ये कंपोस्ट वापरा. महाराष्ट्र शासनाने शहरांच्या कंपोस्टसाठी ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हा ब्रँडही काढला.

मग अडते कुठे? खत तयार करते नगरपालिका, आणि मोठा रस्ता असतो बांधकाम विभागाचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा. नियमातील सक्ती नगरपालिकेच्या बागेपुरती. रस्त्याच्या ठेकेदारावर ती नाही. खात्रीचे गिऱ्हाईक नसले की खत पडून राहते आणि कचरा वेगळा करण्याचा उत्साहही संपतो.

सक्ती अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्याने भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या केंद्रांच्या राखेचे उदाहरण पाहावे. १९९९ मध्ये केंद्राने राख वापरण्याची अधिसूचना काढली. सुरुवातीला अट ५० किलोमीटर परिघातील विटांसाठी होती. २००३ मध्ये परीघ १०० किलोमीटर झाला, रस्त्यांचे भरावही त्यात आले. २०१६ मध्ये परीघ ३०० किलोमीटर झाला. कोळशाच्या राखेला सरकारने हक्काची बाजारपेठ दिली, ती ओल्या कचऱ्याच्या खतालाही देता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तसे केले आहे. तिथे २०२२ पासून शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात सेंद्रिय कचऱ्यापासून बनलेली उत्पादने घ्यावी लागतात, त्यात कंपोस्ट येते.

पण नुसत्या सक्तीने आपले भले होणार नाही. कचरावेचणी आणि सफाईच्या कामात दलित समाजातील माणसे, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने आहेत. खताला भाव आला आणि कामाच्या अटी तशाच राहिल्या, तर नफा ठेकेदाराचा आणि घाण आपल्या हातांची. जातीने लादलेल्या कामाला ‘हरित रोजगार’ हे गोंडस नाव मिळेल, इतकेच. दुसरी वाट पुण्यात दिसते. कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. पुढे तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. कचरावेचक तिथे संस्थेचे सभासद आहेत.

म्हणून आमच्या मते तीन मागण्या एकत्रच करायला हव्यात.

पहिली : रस्ते व सुशोभीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात आणि निविदेत कंपोस्टची स्वतंत्र बाब असावी, तिचे प्रमाण लिहिलेले असावे आणि मोजमाप झाल्याशिवाय बिल निघू नये.

दुसरी : खत प्रयोगशाळेत तपासलेले असावे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. काच, प्लास्टिक मिसळलेला कचरा खत म्हणून खपवला जाऊ नये.

तिसरी : खरेदीत कामगारांच्या सहकारी संस्था आणि महिला बचत गटांना प्राधान्य मिळावे. किमान वेतन, हातमोजे, बूट आणि आरोग्य तपासणी ही निविदेचीच अट असावी.

सुरुवात तरुणांना आजही करता येईल. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली आपल्या भागातील रस्त्यासाठी संबंधित विभागाला विचारा : किती झाडे लावली, किती जगली, खत किती आणि कोणाकडून घेतले, त्यावर खर्च किती झाला? उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवा आणि कंपोस्टचा ठराव मांडा.

अशोकांच्या वडांची सावली जात विचारत नव्हती. नव्या झाडांच्या सावलीत ती वाढवणाऱ्या हातांनाही सन्मानाची जागा मिळाली पाहिजे, आणि ती जागा निविदेच्या कागदावर लिहून घ्यावी लागेल.