क्युसेक म्हणजे किती हंडे?

जुलै लागला की आमच्या वारणाकाठी बायकांच्या गप्पांचा विषय बदलतो. दळण आणायला गेलं काय नि डेअरीत दूध घालायला गेलं काय, चौकशी एकच, "चांदोलीतून किती सोडलंय?"

उत्तर येतं क्युसेकमध्ये. मैत्रिणींनो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. आपले दोन हंडे धरा! दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला वीस हजार हंडे नदीत ओतले. मग माळ्यावर काय चढवायचं, जनावरं कधी हलवायची, हे ठरवायला बरं पडतं.

पण नुसतं चांदोलीकडे बघून भागत नाही. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर वारणेचं पाणी जाणार कुठे? ते मागे फुगतं. म्हणजे कोयनेच्या पावसाची काळजी आपल्यालाही. खाली कर्नाटकातल्या अलमट्टीवरून तर दोन राज्यांत वाद चालूच असतो. युरोपात ऱ्हाईन नदीकाठच्या देशांनी १९५० सालीच एकत्र आयोग नेमला, आणि आपण एकाच देशातली माणसं!

सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचं काम परदेशी अभ्यासकांनीही केलंय. श्रीलंकेत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने २००७ मध्ये कृष्णा खोऱ्यावर अहवाल काढला. २००१ ते २००४ या कमी पावसाच्या वर्षांत कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत जेमतेमच पोहोचत होतं. वाटेत धरणांनी अडवलं, शेतीने वापरलं. त्यात आपला ऊसही आलाच की! आणि लगेच २००५ ला महापूर. मग २०१९, २०२१. हवामान बदलाचे अभ्यासक सांगतात तेच हे, थोड्या दिवसांत धो धो पाऊस आणि मधे मोठा खंड.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेला बरोबर घेऊन कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पुराचा अंदाज देणारी यंत्रणा उभी राहिली. पाऊस आणि नदीची पातळी यंत्रंच कळवतात. काम चांगलंच आहे. माझी तक्रार पुढची आहे. तो अंदाज चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत तिला समजेल अशा शब्दांत येत नाही. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात बायका गेल्या, लेकरं गेली. पाणी दारात आल्यावर निघायचं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि हे जमणार नाही असंही नाही. १९९८ मध्ये आपल्याच वारणेत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून गावोगावी संगणक आले. नंतर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले. उसाची माहिती शेतकऱ्याला फोनवर मिळू लागली. उसाचं जमलं, मग पाण्याचं का नाही?

आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाई, ते फूट न् मीटर राहू द्या. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला येणार तेवढं सांगा." त्यांच्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. आता आम्ही घरोघर जाऊन अशा रेघांवर तेलरंगाने वर्ष लिहितोय. नदीकडच्या गल्लीतली अकरा घरं झालीत, वरची आळी राहिलीय.