घर दिले, पण वर्षभराने माणूस कोठे निजतो?



दर तिमाहीला अहवाल लिहायला बसलो की माझी लेखणी आपोआप आकड्यांकडे वळते. किती घोंगड्या वाटल्या, किती कुटुंबांना पत्रे दिले, घरकुलाचे किती अर्ज भरून दिले. गेल्या हिवाळ्यात एका कातकरी वाडीवर गेलो. आमच्या अहवालात ‘पूर्ण’ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच घरांना कुलूप होते. दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर गेली होती व तेथे प्लास्टिकच्या कागदाखाली राहत होती. मागे राहिलेली एक आजी म्हणाली, “घर हाय दादा, पन पोरानं उचल घेतली हाय. ती फेडल्याबिगर सुटका न्हाय.”

आमचा आकडा खोटा नव्हता. पण त्या कुटुंबाला निवारा मिळाला का, हे त्यातून कळत नव्हते. तेव्हापासून मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तो आपल्यापुढे ठेवतो, कारण आपल्या देणगीचे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बेघरांसाठी केलेल्या कामाची पारख कशी करावी, याचा एक चांगला नमुना कॅनडात सापडतो. २००९ ते २०१३ या काळात तेथील पाच शहरांत ‘ॲट होम’ नावाचा मोठा प्रयोग झाला. मानसिक आजार असलेली दोन हजारांहून अधिक बेघर माणसे त्यात होती. अशा माणसांना आधी दारू सोडा, उपचार घ्या, मग घर देऊ, असे सांगण्याची रीत बऱ्याच ठिकाणी होती. येथे क्रम उलटा केला. आधी भाड्याचे घर, तेही अशा अटीशिवाय. स्वतःच्या उत्पन्नातील सुमारे ३० टक्के रक्कम त्यांनी भाड्यासाठी द्यायची, बाकीचे प्रकल्प भरणार आणि सेवक नियमित भेटीला येणार. विनिपेग शहरात सहभागींपैकी बहुसंख्य मूळनिवासी समाजाचे होते आणि सेवेचा मोठा भाग त्यांच्याच संस्थांनी सांभाळला.

कोणाला ही मदत मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. उरलेल्यांना शहरात एरवी मिळते तीच मदत मिळाली. हे कठोर वाटेल. पण काही माणसे आपल्या मदतीशिवायही रस्त्यावरून उठतात. त्यांचे श्रेय आपण घेऊ नये, म्हणून तुलना लागते. शिवाय, निवड आपल्या हाती असली की आपण नकळत सरळमार्गी माणूसच निवडतो.

अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातील शंभरांपैकी ६२ जण पूर्ण काळ स्थिर घरात होते, तर दुसऱ्या गटातील ३१ जण. म्हणजे प्रकल्पाचे खरे फळ ६२ नव्हे, तर या दोहोंतील फरक. मानसिक आजाराची लक्षणे व व्यसन मात्र दोन्ही गटांत साधारण सारखेच कमी झाले. घराने घर दिले, सगळे काही दिले नाही. तेही त्यांनी न लपवता छापले.

आपल्याला चिठ्ठ्या टाकणे शक्य नाही, योग्यही वाटणार नाही. तरी चार गोष्टी जमतील.

पहिली, मदत देण्यापूर्वी कुटुंब कोठे निजत होते ते लिहून ठेवायचे आणि वर्षाने तोच प्रश्न विचारायचा. तोही पावसाळ्यात एकदा व भट्टीच्या हंगामात एकदा. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली व देशभरात सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. एका रात्रीच्या मोजणीतून वर्षाची भटकंती दिसत नाही.

दुसरी, जेथे आपली मदत पोहोचली नाही अशा शेजारच्या वाडीवरही हाच प्रश्न विचारायचा.

तिसरी, जे सापडत नाहीत त्यांचा शोध घ्यायचा. पाहणीच्या दिवशी घरी असतात ते बहुधा बरे चाललेले असतात. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण जाणतोच. अहवालातही नव्याण्णवांवर समाधान मानू नये.

चौथी, त्यांनाच विचारायचे. त्या आजीच्या एका वाक्यातून आम्ही पुष्कळ शिकलो. उचल बहुधा पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतली जाते. म्हणजे हिवाळ्यात घराला कुलूप लागू नये असे वाटत असेल, तर मदत श्रावणात पोहोचली पाहिजे. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या जमातींना आता पीएम-जनमन योजनेतून पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. भिंती उभ्या राहतील, पण त्यांत बारा महिने राहता येण्यासाठी धान्य व गावातच काम लागेल.

यापुढे अहवालात ‘किती घरे दिली’ याशेजारी ‘वर्षाने किती कुटुंबे त्यात राहत होती’ हा रकाना असेल. त्यातील आकडा लहान दिसेल. तो पाहून कृपया हात आखडता घेऊ नका. पुढची मदत कोठे आणि केव्हा पोहोचवायची, ते त्याच आकड्यावरून ठरेल.